हार्ड डिस्कचा क्लोन अर्ध्यात थांबतो तेव्हा: एररचे कारण शोधण्याची आणि दूर करण्याची पद्धत

जुन्या हार्ड डिस्कवरील सर्व काही, म्हणजे विंडोज, प्रोग्रॅम, फाइली, पार्टिशनची म्हणजे डिस्कच्या विभागांची मांडणी आणि संगणक सुरू होण्यासाठी लागणारा लपलेला भाग, जसेच्या तसे नव्या डिस्कवर उतरवणे म्हणजे क्लोन करणे. काम सुरळीत झाले तर त्यात फारसे अवघड काही नसते. दोन डिस्क जोडायच्या, मूळ कोणती आणि नवी कोणती ते सांगायचे आणि काही तास वाट पाहायची. अडचण येते ती पडद्यावर क्लोन अयशस्वी झाल्याचा संदेश उमटतो तेव्हा. अशा वेळी नवख्या माणसाचा हात आधी ‘पुन्हा प्रयत्न करा’ या बटणाकडे जातो, आणि नेमके तेच करू नये, हे मला या लेखात आग्रहाने सांगायचे आहे. मूळ डिस्क निकामी होत आली असेल, तर प्रत्येक नवा प्रयत्न तिला शेवटाच्या अधिक जवळ नेतो. आणि ती ठणठणीत असेल, तर कारण न शोधता केलेला दुसरा प्रयत्नही बहुधा पहिल्याच जागी अडकतो.

एररचे शब्द प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये वेगळे असले, तरी दोष सापडतो तो चारपैकी एका ठिकाणी: मूळ डिस्कवर, दोन डिस्कांच्या मधल्या वाटेवर म्हणजे केबल, यूएसबी अ‍ॅडॅप्टर आणि वीजपुरवठ्यात, नव्या डिस्कवर, किंवा पार्टिशन, एन्क्रिप्शन (माहिती कुलूपबंद करणे) आणि बूट (संगणक सुरू होणे) यांच्या मांडणीत. तपासाची सुरुवात नेहमी मूळ डिस्कपासून करावी, कारण ती खराब असल्याचे निष्पन्न झाले तर पुढची सगळी पद्धतच बदलते.

काहीही करण्यापूर्वी

डिस्कमधून ठराविक अंतराने टकटक किंवा घासल्यासारखा आवाज येत असेल, तर तिची वीज ताबडतोब बंद करावी आणि घरच्या घरी कोणताही उपाय करू नये. हा आवाज यांत्रिक बिघाडाचा असतो, आणि कोणतेही सॉफ्टवेअर तो दुरुस्त करू शकत नाही. अशा डिस्कवरील माहिती मोलाची असेल, तर ती डेटा रिकव्हरीचे काम करणाऱ्या प्रयोगशाळेकडे न्यावी. आवाज नसेल, तर ज्या फाइली पुन्हा कुठूनही मिळणार नाहीत, जसे फोटो, हिशेब, प्रबंध, त्या सर्वांत आधी एखाद्या तिसऱ्या ठिकाणी उतरवून घ्याव्यात. क्लोन हा बॅकअपचा पर्याय नव्हे. क्लोन करताना एक डिस्क वाचली जाते आणि दुसरी संपूर्ण पुसली जाते, त्यामुळे चुकीच्या बाजूला बोट पडले तर दोन्हीकडे काहीच उरत नाही.

याच कारणासाठी दोन्ही डिस्कांची ओळख पक्की करावी. विंडोजमधील ‘डिस्क ०’ आणि ‘डिस्क १’ हे क्रमांक, किंवा लिनक्समधील ‘एसडीए’ आणि ‘एसडीबी’ ही नावे, केबल बदलल्यावर किंवा संगणक पुन्हा सुरू केल्यावर बदलू शकतात. दोन्ही डिस्क एकाच कंपनीच्या आणि एकाच आकाराच्या असतील, तर नावावरून फरक कळतच नाही. डिस्कच्या लेबलवरील सिरियल नंबर मात्र बदलत नाही. तो कागदावर लिहून घ्यावा, एकापुढे ‘मूळ’ आणि दुसऱ्यापुढे ‘नवी’ असे लिहावे आणि सॉफ्टवेअरमध्ये डिस्क निवडताना पडद्यावरच्या नंबराशी अक्षर न अक्षर ताडून पाहावे.

त्यानंतर एररचा संदेश पूर्ण वाचून त्याचा फोटो काढावा. विंडोजमध्ये इव्हेंट व्ह्यूअर उघडून ‘सिस्टम’ या भागात त्याच वेळेच्या आसपासच्या नोंदी पाहाव्यात. तेथे ‘डिस्क’ या नावाखाली ७ क्रमांकाची नोंद असेल, तर विंडोजला डिस्कवर खराब ब्लॉक आढळला आहे, आणि १५३ क्रमांकाची असेल, तर एखादी क्रिया पुन्हा करून पाहावी लागली आहे, असे समजावे. क्लोनझिलासारखे क्लोन करण्याचे साधन पेन ड्राइव्हवरून चालवले असेल, तर त्याची नोंदवही संगणकाच्या मेमरीत असते आणि संगणक बंद करताच नाहीशी होते, म्हणून ती आधी वाचावी.

मूळ डिस्कची तब्येत

जवळजवळ प्रत्येक हार्ड डिस्क आणि एसएसडी स्वतःच्या प्रकृतीची नोंद ठेवत असते आणि या सोयीला ‘स्मार्ट’ असे नाव आहे. विंडोजमध्ये क्रिस्टलडिस्कइन्फो हा मोफत प्रोग्रॅम आणि लिनक्समध्ये स्मार्टसीटीएल ही आज्ञा ही नोंद दाखवते. तक्त्यातील ओळींची संख्या पाहून गोंधळून जाऊ नये. साटा (मदरबोर्डला केबलने होणाऱ्या) जोडणीच्या डिस्कसाठी चार ओळी पाहिल्या तरी पुरेसे आहे: ५, १९७, १९८ आणि १९९. क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये हेच क्रमांक षोडशमान पद्धतीने ०५, सी५, सी६ आणि सी७ असे दिसतात. त्यापुढचा ‘रॉ व्हॅल्यू’ हा आकडाही तेथे मुळात षोडशमानातच असतो, म्हणजे ‘१०’ दिसले तर ते सोळा असतात. ‘फंक्शन’ मेन्यूतील ‘अ‍ॅडव्हान्स्ड फीचर’ मध्ये जाऊन ‘रॉ व्हॅल्यूज’ दशमान केल्यास ही गफलत टळते.

आता या चार ओळींचा अर्थ पाहू. ५ क्रमांकाचा आकडा म्हणजे डिस्कने आतापर्यंत बाद करून ज्यांच्या जागी राखीव सेक्टर (माहिती साठवण्याचे लहान कप्पे) लावले आहेत, अशा सेक्टरांची संख्या. तो लहान असेल आणि अनेक महिने हलला नसेल, तर डिस्क अजून काम देऊ शकते. तो आठवड्या-आठवड्याने वाढत असेल, तर ती उतरणीला लागली आहे. १९७ क्रमांक हा आपल्या कामासाठी सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण तो जे सेक्टर वाचता येत नाहीत पण अजून बाद झालेले नाहीत त्यांची संख्या सांगतो, आणि क्लोन अडकतो तो बहुधा याच सेक्टरांवर. १९८ मध्ये डिस्कने स्वतःच्या तपासणीत न वाचता आलेले सेक्टर असतात. १९९ चा मात्र डिस्कच्या पृष्ठभागाशी संबंध नाही. डिस्क आणि संगणक यांच्यामध्ये माहिती जाता-येता बिघडली की हा आकडा वाढतो, आणि त्यामागे बहुतेक वेळा केबल असते. हा आकडा केबल बदलल्यावरही कमी होत नाही. म्हणून तो लिहून ठेवावा, केबल बदलावी, पाच-दहा जीबीची एखादी फाइल कॉपी करावी आणि आकडा वाढतो का ते पाहावे.

मदरबोर्डच्या खाचेत थेट बसणाऱ्या एनव्हीएमई एसएसडीचा तक्ता वेगळा असतो; त्यात ‘मीडिया अँड डेटा इंटिग्रिटी एरर्स’ ही ओळ शून्य आहे का आणि ‘अव्हेलेबल स्पेअर’ पुरेसा शिल्लक आहे का, हे पाहावे. तक्त्याच्या वर जो ‘गुड’ किंवा ‘पास्ड’ असा एकंदर शेरा असतो, त्यावर मात्र विसंबू नये. १९७ मध्ये अनेक सेक्टर अडकलेले असतानाही तो शेरा चांगला राहू शकतो, कारण तो निर्मात्याने ठरवलेली मर्यादा ओलांडल्यावरच बदलतो.

वाचनाचा एरर आला असेल तर

विंडोजमध्ये २३ क्रमांकाचा ‘सायक्लिक रिडंडन्सी चेक’ हा एरर किंवा ‘रीड एरर’ अशा अर्थाचा संदेश, आणि लिनक्सच्या नोंदीत ‘यूएनसी’ ही अक्षरे दिसली, तर डिस्कला स्वतःच्या पृष्ठभागावरची माहिती वाचता आलेली नाही असे समजावे. लिनक्सच्या नोंदीत ‘आयसीआरसी’ असेल, तर दोष वाटेत आहे, आणि केबल किंवा पोर्ट बदलून काम भागते. १११७ क्रमांकाचा ‘आय/ओ डिव्हाइस एरर’ दोन्ही कारणांनी येतो, तेव्हा तेथे स्मार्टचा तक्ताच निवाडा करतो.

खराब सेक्टर आहेत असे ठरले, की अनेक ठिकाणी चेकडिस्क हे विंडोजचे साधन ‘आर’ पर्यायासह चालवण्याचा सल्ला मिळतो. निकामी होत चाललेल्या मूळ डिस्कवर हा सल्ला मानू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तो पर्याय संपूर्ण पार्टिशन वाचून काढतो, न वाचता येणाऱ्या जागी अडकत राहतो आणि फाइल सिस्टममध्ये, म्हणजे फाइलींच्या नोंदव्यवस्थेत, बदलही लिहितो. म्हणजे ज्या डिस्कला विश्रांती हवी तिलाच राबवतो, आणि जी मूळ प्रत जशीच्या तशी राहायला हवी तिच्यातच फेरफार करतो. दुरुस्ती करायची ती नेहमी प्रतीवर. मूळ डिस्कवर चेकडिस्क चालवण्यास हरकत नसते ती एकाच परिस्थितीत: स्मार्टचे आकडे स्वच्छ आहेत, तक्रार फक्त फाइल सिस्टममधील विसंगतीची आहे आणि फाइलींचा बॅकअप घेतलेला आहे. तेव्हाही ‘एफ’ हा हलका पर्याय पुरतो.

खराब सेक्टर अगदी थोडे असतील, तर क्लोनझिलाच्या तज्ज्ञ पद्धतीतील ‘रेस्क्यू’ पर्याय निवडावा. मग न वाचता आलेला भाग सोडून ते पुढे जाते. सेक्टर बरेच असतील किंवा आकडा वाढता असेल, तर ग्नू प्रकल्पातील डीडीरेस्क्यू हे योग्य साधन आहे. सिस्टमरेस्क्यू या पेन ड्राइव्हवरून चालणाऱ्या लिनक्समध्ये ते तयार मिळते, त्यामुळे काही बसवावे लागत नाही.

डीडीरेस्क्यूचे वेगळेपण त्याच्या क्रमात आहे. सामान्य क्लोन सॉफ्टवेअर सुरुवातीपासून शेवटापर्यंत सरळ वाचत जाते आणि खड्डा आला की तेथेच थांबते. डीडीरेस्क्यू खड्डा आला की तो टाळून पुढे उडी मारते, सहज वाचता येणारा सगळा भाग आधी सुरक्षित करते आणि मगच सोडलेल्या जागांकडे परत वळते. कोणता भाग आला, कोणता राहिला आणि कोणता वाचता आला नाही, याची नोंद ते एका लहानशा मॅप फाइलमध्ये ठेवते. या फाइलमुळे वीज गेली, डिस्क तापली किंवा रात्री काम थांबवावे लागले, तरी तीच आज्ञा पुन्हा दिल्यावर काम सोडल्या जागेपासून सुरू होते. ही फाइल मूळ किंवा नव्या डिस्कवर ठेवू नये. तिच्यासाठी वेगळा पेन ड्राइव्ह वापरावा आणि शेवटपर्यंत तीच फाइल वापरावी.

प्रत्यक्ष कामात नवी डिस्क मूळ डिस्कएवढी किंवा तिच्याहून मोठी असावी आणि दोन्हींपैकी कोणत्याही डिस्कचे पार्टिशन उघडलेले नसावे. आज्ञेत आधी मूळ डिस्क, मग नवी डिस्क आणि शेवटी मॅप फाइल असा क्रम असतो. हा क्रम उलटला तर कोरी डिस्क मूळ डिस्कवर उतरते आणि सर्व माहिती जाते, म्हणून एंटर दाबण्यापूर्वी कागदावरचे सिरियल नंबर पुन्हा पाहावेत. पहिली फेरी ‘एन’ पर्यायाने करावी, म्हणजे खराब भाग खरवडण्यात वेळ जात नाही. पूर्ण डिस्कवर लिहायचे असल्यामुळे ‘एफ’ म्हणजे सक्तीचा पर्यायही द्यावा लागतो. ही फेरी संपल्यावर दुसरी फेरी ‘डी’ आणि ‘आर ३’ या पर्यायांनी करावी. त्यात उरलेल्या जागा थेट डिस्कवरून, तीनदा प्रयत्न करून वाचल्या जातात.

काम चालू असताना पडद्यावरील ‘पर्सेंट रेस्क्यूड’ म्हणजे किती टक्के हाती आले, आणि ‘टाइम सिन्स लास्ट सक्सेसफुल रीड’ म्हणजे शेवटचे यशस्वी वाचन होऊन किती वेळ झाला, या दोन ओळींकडे लक्ष द्यावे. पहिला आकडा ९९ च्या पुढे गेला असेल आणि दुसरा तासन्‌तास वाढतच असेल, तर थांबण्याचा निर्णय घेणे योग्य ठरते. उरलेले काही केबी मिळवण्याच्या हट्टाने डिस्क चालू ठेवण्यात अर्थ नसतो.

त्यानंतर मूळ डिस्क काढून बाजूला ठेवावी आणि चेकडिस्क चालवायचे ते आता नव्या डिस्कवर. न वाचता आलेल्या जागा ज्या फाइलींत पडल्या असतील, त्या फाइली उघडणार नाहीत किंवा अर्धवट उघडतील. अशा फाइली शोधण्यासाठी डीडीरेस्क्यूमध्येच एक सोय आहे: मॅप फाइलच्या आधारे नव्या डिस्कवरील त्या जागांत एखादा ओळखू येईल असा मजकूर भरता येतो आणि मग तो मजकूर कोणत्या फाइलींत सापडतो ते शोधता येते.

क्लोन सुरूच होत नसेल तर

स्मार्टचे आकडे स्वच्छ असूनही सॉफ्टवेअर मूळ पार्टिशनला हात लावण्यास नकार देते, तेव्हा बहुधा विंडोजने ते पार्टिशन अर्धवट उघडे ठेवलेले असते. विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय आली आणि तिच्यामुळे ‘शट डाउन’ केल्यावरही विंडोजचा गाभा पूर्ण बंद न होता हायबरनेट होतो, म्हणजे त्याची स्थिती डिस्कवर साठवली जाते. लिनक्सवर आधारलेली साधने अशा पार्टिशनला सुरक्षित मानत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. विंडोजच्या वीज-पर्यायांत जाऊन फास्ट स्टार्टअप बंद करावे, किंवा ‘रीस्टार्ट’ निवडून विंडोज सुरू होण्याआधीच पेन ड्राइव्हवरून बूट करावे. रीस्टार्टमध्ये विंडोज पूर्ण बंद होते.

दुसरे कारण बिटलॉकर. अनेक नव्या लॅपटॉपवर हे एन्क्रिप्शन वापरणाऱ्याच्या लक्षातही न येता चालू झालेले असते. पेन ड्राइव्हवरून चालणाऱ्या साधनाला कुलूपबंद पार्टिशनमध्ये केवळ निरर्थक बाइट दिसतात, त्यामुळे कोणता भाग वापरात आहे आणि कोणता मोकळा, हे त्याला कळत नाही आणि पार्टिशन लहान करणेही जमत नाही. यावर सरळ उपाय म्हणजे ४८ अंकी रिकव्हरी की लिहून ठेवणे, बिटलॉकर पूर्ण बंद करून डिस्क उलगडू देणे आणि मग क्लोन करणे. केवळ ‘सस्पेंड’ केल्याने डिस्क उलगडत नाही, हे लक्षात असू द्यावे. विंडोज चालू असताना त्याच्या आतूनच क्लोन केला, तर सॉफ्टवेअरला उलगडलेली माहिती दिसते. पण मग नवी डिस्क एन्क्रिप्शनविना तयार होते आणि तिच्यावर बिटलॉकर पुन्हा चालू करावे लागते.

विंडोजच्या आतून क्लोन करताना ‘व्हीएसएस’ या अक्षरांचा एरर आला, तर तो व्हॉल्यूम शॅडो कॉपी या सेवेचा आहे. चालू असलेल्या फाइलींचे एका क्षणाचे स्थिर चित्र घेण्याचे काम ही सेवा करते. एकाच वेळी दोन बॅकअप प्रोग्रॅम चालू असणे, सेवा बंद असणे किंवा पार्टिशनमध्ये मोकळी जागा न उरणे ही त्याची नेहमीची कारणे. ती शोधत बसण्यापेक्षा पेन ड्राइव्हवरून बूट करून क्लोन करणे अधिक सोपे, कारण विंडोज बंद असताना या सेवेची गरजच उरत नाही.

नवी डिस्क लहान असल्याचा एरर

५०० जीबीच्या जुन्या डिस्कवर जेमतेम १२० जीबी माहिती असते, ४८० जीबीची एसएसडी आणली जाते, आणि तरीही नवी डिस्क लहान असल्याचे सांगून क्लोन थांबतो. हा प्रकार इतका नेहमीचा आहे की तो नीट समजून घ्यावा. ५०० जीबीच्या डिस्कवर साधारणपणे ५००,१०७,८६२,०१६ बाइट असतात आणि ४८० जीबीच्या एसएसडीवर ४८०,१०३,९८१,०५६. विंडोजमध्ये हेच अनुक्रमे ४६५ आणि ४४७ जीबी दिसतात, कारण विंडोज १,०२४ च्या पटीत मोजते. माहिती किती भरली आहे, याला सेक्टरगणिक होणाऱ्या क्लोनमध्ये महत्त्व नसते. शेवटचे पार्टिशन कोठे संपते, याला असते.

म्हणून मोठ्या डिस्कवरून लहान डिस्कवर जाताना आधी मूळ डिस्कवरील पार्टिशन आकसावे लागते. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये ‘श्रिंक व्हॉल्यूम’ निवडल्यावर, शंभरावर जीबी मोकळे असूनही काहीच जीबी कमी करता येतील असे उत्तर मिळते, कारण पेजफाइल (मेमरीला जोड म्हणून डिस्कवर ठेवलेली फाइल), हायबरनेशनची फाइल आणि रिस्टोअर पॉइंट हे विंडोज जागचे हलवू शकत नाही. हायबरनेशन बंद करावे, व्हर्च्युअल मेमरी तात्पुरती ‘नो पेजिंग फाइल’ करावी, रिस्टोअर पॉइंट काढून टाकावेत, संगणक पुन्हा सुरू करावा आणि मग श्रिंक करावे. काम झाल्यावर हे सर्व पूर्ववत करावे. तरीही एक अडथळा उरू शकतो. सी ड्राइव्हच्या मागे डिस्कच्या अगदी टोकाला बऱ्याचदा रिकव्हरी पार्टिशन असते, आणि मधली जागा मोकळी झाली तरी ते टोकालाच राहते. जीपार्टेडसारख्या साधनाने ते पुढे सरकवावे, किंवा पार्टिशन प्रमाणात बसवणारे क्लोन सॉफ्टवेअर वापरावे. क्लोनझिलाच्या तज्ज्ञ पद्धतीत ‘के१’ या नावाचा पर्याय हेच करतो. मूळ डिस्कची तब्येत संशयास्पद असेल, तर हा सारा खटाटोप करू नये आणि सरळ मोठी डिस्क वापरावी.

उलट्या दिशेने, म्हणजे मोठ्या डिस्कवर जाताना, एरर न येताही दोन गोष्टी खटकतात. जुनी डिस्क एमबीआर या पार्टिशन-तक्त्याच्या जुन्या पद्धतीची आणि नवी ४ टीबीची असेल, तर ५१२ बाइटच्या सेक्टरांसह एमबीआरला सुमारे २.२ टीबीपुढची जागा वापरता येत नाही. अशा वेळी जीपीटी या नव्या पद्धतीकडे वळावे लागते. विंडोज १० च्या १७०३ या आवृत्तीपासून एमबीआरटूजीपीटी हे साधन विंडोजमध्येच असते, ते माहिती न पुसता बूट डिस्कचे रूपांतर करते आणि त्यात आधी फक्त पडताळणी करण्याची सोयही आहे. मात्र त्यानंतर संगणक यूईएफआय या बूटच्या नव्या पद्धतीने सुरू करावा लागतो. मूळ डिस्क जीपीटीची असेल, तर त्या पद्धतीत पार्टिशनच्या तक्त्याची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी असते. सेक्टरगणिक क्लोननंतर ती प्रत नव्या डिस्कच्या मधेच राहते आणि काही साधने तक्ता बिघडल्याची तक्रार करतात. जीडिस्क हे साधन ती प्रत खऱ्या शेवटाकडे हलवते. यात माहितीला धोका नसतो, त्यामुळे घाबरून डिस्क नव्याने फॉरमॅट करू नये.

वाटेतले दोष

क्लोन दर वेळी वेगवेगळ्या टक्क्यावर तुटत असेल, किंवा मधेच नवी डिस्क यादीतून नाहीशी होत असेल, तर केबल, अ‍ॅडॅप्टर किंवा वीज यांवर संशय घ्यावा. खराब सेक्टर साधारणपणे त्याच जागी अडवतो. ३.५ इंची डिस्कला १२ व्होल्टची वेगळी वीज लागते, ती यूएसबीवर चालत नाही. २.५ इंची डिस्क ५ व्होल्टवर चालते, पण यूएसबी २ च्या पोर्टला ५०० मिलिअँपिअर इतकाच प्रवाह देण्याचे बंधन असते आणि डिस्क फिरू लागताना तिला त्याहून अधिक लागू शकतो. म्हणून शक्य असेल तेथे दोन्ही डिस्क मदरबोर्डच्या साटा पोर्टला थेट जोडाव्यात. खराब सेक्टर असलेल्या डिस्कच्या बाबतीत तर हा नियमच समजावा, कारण अनेक यूएसबी अ‍ॅडॅप्टर न वाचता येणारा सेक्टर आला की गोठतात.

काम मंद चालले आहे म्हणजे ते अडकले आहे, असे लगेच समजू नये. १ टीबी माहिती सेकंदाला १०० एमबी या वेगाने उतरायला पावणेतीन तासांहून थोडा अधिक वेळ लागतो. यूएसबी २ वर हाच वेग सेकंदाला ३५ एमबीच्या आसपास असतो आणि त्याच कामाला आठेक तास लागतात. स्वस्त एसएसडी सुरुवातीला वेगाने लिहिते आणि तिचा कॅश भरल्यावर वेग एकदम पडतो, हेही स्वाभाविक आहे. नव्या डिस्कवर लिहितानाच एरर येत असेल, तर मात्र तिचा स्मार्टचा तक्ता पाहावा. आयुष्य संपलेल्या काही एसएसडी फक्त वाचता येतात, लिहिता येत नाहीत.

यूएसबी अ‍ॅडॅप्टरचा आणखी एक दोष फसवा आहे. काही अ‍ॅडॅप्टर ५१२ बाइटच्या सेक्टरांची डिस्क संगणकाला ४,०९६ बाइटच्या सेक्टरांची म्हणून दाखवतात. क्लोन त्यातून पूर्ण होतो, पण डिस्क काढून थेट साटा पोर्टला जोडली की पार्टिशनच्या तक्त्यातील सर्व आकड्यांचा अर्थ बदलतो आणि विंडोज ती ‘इनिशियलाइज’ किंवा ‘फॉरमॅट’ करण्यास सुचवते. त्याला होकार देऊ नये. डिस्क पुन्हा त्याच अ‍ॅडॅप्टरमध्ये घातल्यास माहिती दिसते. नंतर थेट जोडणीने नव्याने क्लोन करावा.

क्लोन पूर्ण झाला, पण संगणक सुरू होत नाही

क्लोन संपताच संगणक बंद करावा, मूळ डिस्कची केबल काढावी आणि पहिल्यांदा फक्त नव्या डिस्कवर तो सुरू करावा. दोन्ही डिस्कांवर एकच ओळखचिन्ह असल्यामुळे, त्या एकत्र असताना विंडोज त्यांपैकी एकीला ‘ऑफलाइन’ करते; आपण ती हाताने ‘ऑनलाइन’ केली की विंडोज तिच्यावर नवे चिन्ह लिहिते, आणि एमबीआरच्या डिस्कवर जुन्या चिन्हावर अवलंबून असलेले बूट त्यामुळे मोडते.

बूट होणारी डिस्कच सापडत नसल्याचा संदेश आला, तर बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये, बूटचा क्रम आणि यूईएफआय की लिगसी (जुनी) ही पद्धत पाहावी. ती मूळ डिस्कच्या जीपीटी किंवा एमबीआर पद्धतीशी जुळली पाहिजे. ते जुळत असेल, तर क्लोनमध्ये केवळ सी ड्राइव्ह न येता त्याच्या आधीचे लहान ईएफआय किंवा ‘सिस्टम रिझर्व्ह्ड’ पार्टिशनही आले आहे का, हे तपासावे. ते आले असूनही बूट होत नसेल, तर विंडोजच्या इन्स्टॉलेशन पेन ड्राइव्हवरून कमांड प्रॉम्प्ट उघडावा, डिस्कपार्टने ईएफआय पार्टिशनला एखादे अक्षर द्यावे आणि बीसीडीबूट या आज्ञेने बूटच्या फाइली तेथे नव्याने लिहाव्यात. येथे एक काळजी घ्यावी: या वातावरणात विंडोजच्या पार्टिशनचे अक्षर सी असेलच असे नाही, म्हणून आधी ‘विंडोज’ हा फोल्डर कोणत्या अक्षराखाली आहे ते पाहूनच आज्ञा द्यावी.

निळ्या पडद्यावर ‘इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ असे आले, तर विंडोज सुरू झाले आहे, पण नव्या डिस्कपर्यंत पोहोचण्याचा ड्रायव्हर त्याने वेळेवर उचललेला नाही. साटा डिस्कवरून एनव्हीएमई एसएसडीवर जाताना किंवा बायोसमध्ये एएचसीआय आणि रेड या डिस्क चालवण्याच्या दोन पद्धतींत अदलाबदल झाल्यावर हे घडते. बायोसची सेटिंग पूर्ववत करून पाहावी. तेवढ्याने भागले नाही, तर रिकव्हरीच्या मेन्यूतून विंडोज एकदा सेफ मोडमध्ये सुरू करावे. त्या फेरीत आवश्यक ड्रायव्हर उचलले जातात आणि पुढच्या वेळी ते बहुतेक वेळा नेहमीसारखे सुरू होते.

लिनक्सच्या क्लोनमध्ये प्रत्येक पार्टिशनचा यूयूआयडी हा ओळखक्रमांक दोन्ही डिस्कांवर सारखाच असतो. नवी डिस्क एकटी असेपर्यंत त्याने काही बिघडत नाही. दोन्ही एकत्र ठेवायच्या असतील, तर प्रतीचा यूयूआयडी बदलून एफएसटॅब (पार्टिशनांची यादी) आणि ग्रब (लिनक्स सुरू करणारा प्रोग्रॅम) यांमध्ये नवा लिहावा. एक्सएफएस फाइल सिस्टम तर सारख्या यूयूआयडीचे दुसरे पार्टिशन उघडतच नाही.

नव्या डिस्कवर संगणक सुरू झाल्यावर सर्वांत मोठ्या आणि सर्वांत जुन्या काही फाइली प्रत्यक्ष उघडून पाहाव्यात, चेकडिस्क कोणताही पर्याय न देता म्हणजे केवळ तपासणीपुरते चालवावे आणि नव्या डिस्कच्या स्मार्टमधील १९९ चा आकडा लिहून ठेवावा. मूळ डिस्क निदान महिनाभर न पुसता, लेबल लावून बाजूला ठेवावी. मधल्या काळात काही राहून गेल्याचे लक्षात आले, तर ती यूएसबी अ‍ॅडॅप्टरने जोडून हवी ती फाइल घेता येते. मात्र दोन्हींवर एकच ओळखचिन्ह असल्यामुळे ती संगणक सुरू झाल्यानंतर जोडावी, बूट होताना जोडलेली ठेवू नये.